गुलाबी फीत

गुरुवार हा कचऱ्याचा वार. प्लॅस्टिक एका पोत्यात, काच दुसऱ्यात, पुठ्ठे मोडून सपाट करून तिसरीकडे. यात जरा चूक झाली की पहारेकरी गू काका सगळ्या आवाराला ऐकू जाईल अशा आवाजात माणसाचा उद्धार करत, आणि तोही नावानं नाही, घराच्या नंबरानं. उनसिल नाशपात्यांचं रिकामं खोकं घेऊन खाली आली तेव्हा दुपारचे साडेतीन झाले होते. तिनं कामावरून अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती. संध्याकाळी तिच्या वडिलांचं, आप्पांचं श्राद्ध होतं, तिसरं. खोकं पायाखाली घालून तिनं सपाट केलं, वाकून उचललं आणि मान वर केली, तर समोरच्या गिंकोच्या बुंध्याला छातीच्या उंचीवर एक गुलाबी फीत बांधलेली. पलीकडच्या झाडाला नव्हती. त्याच्या पलीकडच्याला होती. मग दोन झाडं सोडून पुन्हा एक. तिचे डोळे आपोआप पुढची फीत शोधायला लागले आणि पायही तिकडे वळले. चार-पाच पावलं ती गेलीसुद्धा. मग आपण काय करतोय ते तिला कळलं आणि ती जागीच थांबली. भर दुपारी, कोरियातल्या बुप्यंगमधल्या राहत्या इमारतीच्या आवारात, हातात पुठ्ठा घेऊन ती फितीमागून निघाली होती.

"ओ चौदाशे चार! पुठ्ठा घेऊन कुठे फिरायला चाललात? इकडे टाका, इकडे!" गू काका त्यांच्या खोपटातून ओरडले.

"काका, या झाडांना हे काय बांधलंय?"

"तोडायचीयत. सोमवारी येणारेत माणसं. जी फळं धरतात ती. वास येतो म्हणून तुमच्याच लोकांनी अर्ज केला ना! चौदाव्या मजल्यावर कसला डोंबलाचा वास जातोय? पण तक्रार नेमकी वरूनच येते."

"बांधल्या कुणी?"

"मीच. सकाळी. का, रंग पसंत नाही?" म्हातारा खो खो हसला आणि त्यानं तिच्या हातातला पुठ्ठा काढून घेतला. उनसिल हसली नाही. बुटाखाली गिंकोची पिकलेली फळं चेचली गेली होती आणि तो आंबूस वास नाकात चढत होता. गू काका पाठमोरे झाल्यावर तिनं काय केलं, तर पहिल्या झाडाची गाठ सोडली, फीत गुंडाळली आणि जाकिटाच्या खिशात कोंबली. का, ते तिला सांगता आलं नसतं. एका झाडाची फीत सोडल्यानं ते झाड वाचणार नव्हतं. तोडणाऱ्यांना झाडं मोजून दिलेली असणार.

ज्यानं बांधली तो तिथून परत आलेला असतो, असं आप्पा म्हणत. फितीवर त्यांची श्रद्धा होती, आणि इतर कशावर फारशी नव्हती. एकतीस वर्षं त्यांनी शहरात बस चालवली, तीही बहुतेक एकाच मार्गावर, आणि आगारातल्या पंधरा-वीस चालकांना जमवून 'हिरवा देवदार' नावाचं डोंगर चढणाऱ्यांचं मंडळ काढलं. दर रविवारी पहाटे कुठला तरी डोंगर. मंडळाच्या पिवळ्या फिती छापून घेतलेल्या असत, त्यावर हिरव्या अक्षरांत नाव. आप्पा सगळ्यात पुढे चालत आणि वाट फुटेल तिथे फांदीला फीत बांधत, म्हणजे मागून येणारा चुकायचा नाही. सगळीच मंडळं बांधतात. काही डोंगरांवर फांद्या दिसेनाशा होतील इतक्या फिती लटकत असतात, लाल, निळ्या, पांढऱ्या, गुलाबी. मंडळातले लोक आप्पांना कप्तान म्हणत. घरी त्यांचं कुणी फारसं ऐकत नसे. डोंगरावर मात्र आठवड्यातून एकदा वीस माणसं त्यांच्या मागून निमूट चालत. उनसिल नऊ वर्षांची असताना एकदा पानगळीच्या दिवसांत फुलपाखरामागे की कशामागे भलतीकडे गेली होती आणि एकटी पडली होती. ती रडली, मग रडून रडून दमली, आणि मग झुडपात तिला एक पिवळा तुकडा दिसला. ती त्याच्याकडे गेली, तिथून दुसरा दिसला. पाचव्या फितीपाशी आप्पा काकडी खात बसले होते. "आलीस?" एवढंच म्हणाले आणि उरलेली अर्धी काकडी तिला दिली. त्यांना तिची काळजी वाटलीच नव्हती. फिती बांधलेल्या होत्या, मग काळजी कसली.

लिफ्टमध्ये तिनं आरशाकडे पाठ केली. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत ती काम करते. दिवसभर भिंगाखाली दुसऱ्यांचे दात घासायचे. माणूस हसला की पहिले त्याचे दात बघायची तिला सवय आहे. आप्पांच्या वरच्या दाढेची टोपी तिनंच केलेली होती. जपानमधल्या एका डोंगराळ गावात, शीतगृहात, पोलिसानं चादर खाली ओढली तेव्हा तिनं तोंड बघितलं आणि ओळख पटवताना 'होय' म्हणाली ती त्या टोपीवरून. बाकीचं बघून म्हणता आलं नसतं.

जपानला जायचं आप्पांनीच काढलं होतं. त्र्याहत्तर पूर्ण झाली होती, गुडघे बोलायला लागले होते, मंडळात निम्मी माणसं उरली नव्हती आणि उरलेल्यांतली निम्मी येत नव्हती. "एकदा परदेशातला खराखुरा डोंगर बघू. तीन हजार मीटरांच्या वरचा. मग मी घरी बसतो आणि तुझ्या आईचं डोकं खातो." उनसिलनं सगळी व्यवस्था केली. तिकिटं, डोंगरावरच्या दोन झोपड्यांमधल्या जागा, फोनमध्ये नकाशा. त्या नकाशात लाल रेघ म्हणजे वाट आणि निळा ठिपका म्हणजे आपण. ती सत्तेचाळीसची होती, एकटी होती, आणि आईबापांना घेऊन परदेशी जाणारी मुलगी म्हणून प्रयोगशाळेत तिचं कौतुक झालं होतं. पहिले दोन दिवस छान गेले, असं आजही म्हणायला हवं. आप्पांनी पाठपिशवीला आपला छोटा रेडिओ टांगला होता. त्यात साठवलेली जुनी रडकी गाणी दिवसभर वाजत, जपानी लोक वाट सोडून बाजूला उभे राहत आणि वाकत. ओम्मा, तिची आई, लाजेनं मान खाली घालून जाई. पायथ्याच्या दुकानात आप्पांनी जपानी काकड्या घेतल्या आणि पहिल्या थांब्यावर एक हातात धरून बराच वेळ बघत राहिले. "ही काकडी आहे का पेन्सिल?" ओम्मा म्हणाली, "खा मुकाट्यानं. नाहीतर लिहा तिनं." ते तिघं इतके हसले की शेजारच्या दगडावर बसलेली एक जपानी बाईही हसायला लागली. कशाला ते तिला ठाऊक नव्हतं.

मग दुसऱ्या मुक्कामाला ते घडलं. काही मोठं नाही. झोपडीत सगळे रांगेनं एकाच फळीवर झोपतात. संध्याकाळी जेवणं उरकल्यावर आप्पा बाहेर जाऊन आले आणि आपली जागा चुकून एका परक्या माणसाच्या गादीत शिरले. तो दचकून उठला, दिवे लागले. आप्पा त्या माणसाचं पांघरूण छातीशी धरून बसलेले, चेहऱ्यावर एक विचारल्यासारखं हसू. आपण कुठे आहोत हे त्यांना क्षणभर खरोखरच कळत नव्हतं. उनसिलनं ते बघितलं आणि तिला त्यांची कीव आली नाही, संताप आला. ती त्या माणसासमोर, त्याच्या बायकोसमोर, झोपडीच्या मालकासमोर कमरेत वाकून वाकून माफी मागत राहिली. सकाळी बूट घालताना, पंधरावीस माणसं आजूबाजूला असताना, ती म्हणाली, "आप्पा, आजपासून मी पुढे. तुम्ही मध्ये, ओम्मा मागे. वाट मी बघणार." तिथल्या कुणाला कोरियन कळत नव्हतं. आप्पांना कळत होतं. त्यांनी खिशातलं पिवळ्या फितींचं भेंडोळं काढलं, पिशवीच्या तळाशी ठेवलं, वर सदरे ठेवले आणि चेन लावली.

हात धुवायच्या रांगेत ओम्मानं तिचं मनगट धरलं. तिची बोटं थंडगार होती. "ऐक. चाळीस वर्षं त्या माणसानं लोकांना डोंगर दाखवले. हा त्याचा शेवटचा. आज एक दिवस त्याच्या मागून चाल."

"ओम्मा, काल रात्री बघितलंस ना? त्यांना स्वतःची गादी सापडेना."

"गादी नाही सापडली, डोंगर सापडतो. आणि चुकला तरी तू टोकायचं नाहीस. शब्द दे. मी आहे मागे."

उनसिलनं शब्द दिला. बाहेर येऊन ती आप्पांना म्हणाली, "माझा गुडघा दुखतोय. आज तुम्हीच व्हा पुढे." आप्पांनी तिच्या गुडघ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, मग रेडिओ लावला. आवाज कालच्यापेक्षा मोठा होता. धुकं उतरलेलं होतं, दहा पावलांवरचं झाड दिसत नव्हतं, आणि साडेअकराच्या सुमारास वाट खाली जंगलात शिरली. तिथे झाडांना गुलाबी फिती होत्या. पहिली दिसली तेव्हा आप्पांनी काठीनं ती दाखवली आणि मागे वळून लहान मुलासारखे हसले. "बघा! इथलेही बांधतात. माणसं सगळीकडे सारखीच." तास-दीड तास त्या फिती बरोबर होत्या. पिशवीच्या तळातून त्यांनी आपलं भेंडोळं कधी काढलं कुणास ठाऊक, पण एका गुलाबी फितीशेजारी त्यांनी एक पिवळी बांधली. तिथे तसं करायची बंदी आहे, हे उनसिलला माहीत होतं. शब्द दिलेला होता म्हणून ती गप्प बसली.

दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी तिनं फोन काढला, आणि निळा ठिपका लाल रेघेवर नव्हता.

तीन वर्षांत उनसिलनं हे क्षण इतके हाताळले आहेत की ते गुळगुळीत झालेत, पण निसटत नाहीत. पहिल्यांदा ठिपका रेघेपासून नखाएवढा दूर होता. दरीत फोन चुकतो, असं ती स्वतःशी म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं. पंधरा मिनिटांनी तो दोन नखं दूर होता. समोर फिती मात्र होत्या, ठळक, नव्या कोऱ्या, धुक्यात दिव्यासारख्या दिसणाऱ्या, आणि आप्पा एकीकडून दुसरीकडे काठी टेकत, गाण्यात सूर मिसळत चालले होते. पायाखाली वाट नव्हती. नुसती शेवाळलेली मुळं आणि ओला पाला होता. ओरडायला काय लागत होतं? 'आप्पा, थांबा.' दोन शब्द. ओम्माला दिलेला शब्द आडवा आला, असं तिनं पोलिसांच्या दुभाष्याला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलंच नाही. पण स्वतःला ती बरेच महिने तेच सांगत होती. ते खरं नव्हतं. खरं काय ते प्रयोगशाळेत एकदा कुणाचा तरी खालचा जबडा घासताना अचानक वर आलं, आणि तिला मशीन बंद करून संडासात जाऊन बसावं लागलं. तिला आप्पा चुकायला हवे होते. चांगले, स्पष्ट, त्यांना स्वतःला कळेल असे. वाट संपावी, त्यांनी मागे वळावं, काल गादीत बसून हसले तसं हसावं, आणि म्हणावं, 'उनसिल, तूच हो पुढे.' एवढं ऐकण्यासाठी ती पन्नास मिनिटं गुलाबी फितीमागून चालली, फोन खिशातून काढत, बघत, परत ठेवत. ठिपका रेघेपासून बोटभर लांब गेला. शेवटी रेघ पडद्यावरून नाहीशीच झाली.

फिती एका ओढ्यापलीकडे संपल्या. शेवटच्या झाडावर पांढऱ्या रंगानं एक आकडा घातलेला होता आणि खाली जमिनीत एक खुंटी ठोकलेली. पुढे काही नाही. दोन वाजून गेले होते, धुकं आता राखाडी झालं होतं. आप्पा त्या आकड्याकडे बघत उभे राहिले. ते मागे वळतील म्हणून उनसिल वाट बघत होती. ते वळले नाहीत. "तुम्ही दोघी बसा. मी जरा त्या कडेपर्यंत बघून येतो, तिथून खाली वाट असणार," असं म्हणाले आणि गेले. रेडिओचा आवाज धुक्यात लांब जात राहिला. बाई गात होती, बंदरावर सोडून गेलेल्या माणसाबद्दल. मग आवाज एकदम खाली गेला. किंकाळी नाही, दगड गडगडल्याचा आवाज नाही. फक्त समोर वाजणारं गाणं आता पायाखालून, फार खोलातून वाजायला लागलं. कडव्याच्या मध्यात तुटलंसुद्धा नाही.

मदत मागायला फोन लागला, पण धुकं असल्यानं माणसं सकाळी येतील असं पलीकडचा आवाज म्हणाला. पलीकडचा आवाज फार अदबशीर होता. दोघी कड्यापासून लांब एका झाडाखाली एकमेकींना धरून बसल्या आणि गाणं ऐकत राहिल्या. मध्येच गाणं बदललं तेव्हा ओम्मा ताठ झाली. "बदललं! त्यांनी बदललं! हात हलतोय त्यांचा." रेडिओ आपला आपण पुढच्या गाण्यावर जातो. उनसिलनं तिला आणखी घट्ट धरलं. दर तीन मिनिटांनी ओम्मा म्हणत होती, "बदललं बघ." अंधार पडल्यावर कधीतरी गाणं थांबलं. आप्पांचं काळीज तेव्हा थांबलं की आधीच थांबलेलं होतं हे कुणालाच सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी, पोलीस ठाण्यात, हातमोजे घातलेल्या एका तरुण पोलिसानं दुभाष्याकडून समजावून सांगितलं की सुरुवातीच्या फिती वाटेच्या होत्या, पण पुढे एका ठिकाणी जंगल खात्याच्या मोजणीच्या फिती सुरू होतात. झाडं तोडायची म्हणून मोजलेली. रंग तोच. वाट तिथे डावीकडे वळते आणि पाटी आहे. दर एक-दोन वर्षांनी कुणीतरी चुकतो, असं म्हणून तो वाकला, जणू फिती त्यानंच बांधल्या होत्या. ओम्मानं सगळं ऐकलं. मग समोरच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतल्या रेडिओकडे बघून ती पहिल्यांदा म्हणाली, "हट्टी म्हातारा! कुणाचं ऐकेल तर शपथ."

तेव्हापासून ती थांबली नव्हती. ती उनसिलच्या घरी राहायला आली आणि आप्पांचा फोटोही आला. सकाळी चूळ भरून फोटोसमोरून जाताना, भाजी निवडताना, शेजारणींजवळ, दवाखान्यातल्या नर्सजवळ, ओम्मा त्या माणसाला शिव्या घाले. मी म्हणत होते वळा, नाही वळले. आयुष्यभर बस चालवली तरी वाट कळली नाही. मला इथे पोरीच्या गळ्यात बांधून गेला. शेजारणींना त्याची गंमत वाटे. उनसिल बाजूला बसून दात खाऊन ऐके. प्रत्येक शिवी आप्पांवरून घसरून तिच्या अंगावर येऊन पडे, आणि त्यातच तिला एक घाणेरडं सुख होतं, की अजून कुणाला कळलेलं नाही.

घरात तेलाचा वास भरला होता. ओम्मा स्वयंपाकघरात जमिनीवर वर्तमानपत्र पसरून, तव्यावर माशाची धिरडी परतत बसली होती. शेजारी ताटात नाशपाती, पर्सिमनची फळं, सुकवलेला मासा, आणि एक काकडी. श्राद्धाच्या ताटात काकडी ठेवत नाहीत. आप्पांच्या धाकट्या भावानं पहिल्या वर्षी ते सांगितलं आणि त्याला बरंच ऐकून घ्यावं लागलं. तेव्हापासून तो येत नाही. उनसिलनं जाकीट खुर्चीवर टाकलं आणि ती हात धुवायला वळली.

"हे काय गं?"

जाकिटाच्या खिशातून फितीचं टोक बाहेर लोंबत होतं. ओम्मानं उलथनं हातात धरूनच ते ओढलं. फीत सुटत सुटत तिच्या मांडीवर आली. वीतभर. हातभर. तव्यावरचं धिरडं चुरचुरत होतं.

"खालच्या झाडाची आहे. तोडायचीयत झाडं," उनसिल म्हणाली. आणि मग तिच्या तोंडून दुसरं काहीतरी निघालं, इतकं सरळ की तिलाच नवल वाटलं. "ओम्मा, मला कळलं होतं."

"काय?"

"वाट चुकलीय ते. त्या दिवशी. फोनवर दिसत होतं. एक वाजल्यापासून. तू शब्द घेतला होतास म्हणून गप्प नाही बसले मी. चुकू देत म्हटलं. एकदा चांगले चुकले म्हणजे परत हट्ट करणार नाहीत, माझ्या मागून चालतील. मला ते हवं होतं." तिला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. "तू त्यांना शिव्या घालतेस ना रोज, त्या माझ्या आहेत."

ओम्मानं गॅस बारीक केला. धिरडं उलटलं. एका बाजूनं करपलं होतं, ते तिनं बाजूच्या ताटलीत, आपण खायच्यात, काढून ठेवलं.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"मी मागे नव्हते का? तुझा हात माझ्या डोळ्यांसमोर होता. खिशात जातोय, बाहेर येतोय. दर पाच मिनिटांनी. माणूस वाट बरोबर असली तर इतक्यांदा बघत नाही."

"मग तू का नाही बोललीस?"

"मीच तुझ्याकडून शब्द घेतला होता. आता मीच कशी बोलू? म्हटलं बोलेल ही, हिला राहवणार नाही." ओम्मा फीत बोटाभोवती गुंडाळत होती, सोडत होती. "आणि त्यांनाही ठाऊक होतं."

उनसिल भिंतीला टेकली.

"ओढा ओलांडायच्या आधी. तू खाली बसून बूट आवळत होतीस. माझ्याजवळ येऊन म्हणाले, 'चुकली गं वाट. ही फीत आपल्यासारख्यांची नाही, दुसऱ्याच कुणाची आहे.' मी म्हटलं, 'मग वळू या ना.' तर म्हणाले, 'थांब जरा. पोरगी आज एक शब्द न बोलता माझ्या मागून येतेय. सकाळपासून. तिला कळायच्या आत मी काढतो वाट.'" तिनं उलथनं खाली ठेवलं. "म्हणून गेले त्या कडेला. तुला कळू नये म्हणून."

उनसिलला ते पन्नास मिनिटांचं जंगल पुन्हा दिसलं, पण आता वेगळंच. तिघं जण एकामागून एक चाललेत, तिघांनाही माहीत आहे, पुढचा मागच्यासाठी गप्प आहे आणि मागची पुढच्यांसाठी, आणि मधली कुणासाठीच नाही.

"तीन वर्षं तू त्यांना..."

"मग कुणाला घालू शिव्या? तुला घातल्या असत्या तर तू त्या चौदाव्या मजल्याच्या खिडकीतून गेली असतीस, मी ओळखते तुला. मला घातल्या असत्या तर सकाळी उठून तुझा डबा कुणी केला असता? ते मेलेत. त्यांना लागत नाहीत." ओम्मा गुडघ्यावर हात टेकून उठली. "मला वाटलं होतं, मी जाईपर्यंत निभेल. तू कशाला बोललीस गं? चाललं होतं ना आपलं."

ओम्मानं फितीची घडी घातली आणि ती चमच्यांच्या खणात, रबरबँड आणि मेणबत्त्यांशेजारी ठेवली. मग दोघींनी मिळून ताट मांडलं, एकमेकींच्या हाताला हात न लागू देता. मासे पूर्वेला, मांस पश्चिमेला, फळं पुढच्या रांगेत, काकडी फोटोच्या अगदी जवळ. सात वाजता उदबत्ती लावली, दारू ओतली, वाकून नमस्कार झाले. भाताच्या वाडग्यात ओम्मानं चमचा उभा खोवला. यानंतर गेलेल्या माणसाला निवांत जेवू द्यायचं असतं. घरातल्यांनी खोलीबाहेर यायचं, दार लोटायचं, नऊ घास खाऊन होतील इतका वेळ थांबायचं, आणि मग खाकरून आत शिरायचं, म्हणजे जेवणारा दचकत नाही.

गेली दोन वर्षं ओम्मानं हा वेळ बंद दाराला तोंड लावून काढला होता. खा, खा, फुकटचं मिळतंय. हळू खा, ठसका लागेल. आता तरी वाट बघून ये, चौदावा मजला आहे, नाहीतर शेजाऱ्यांच्या ताटावर बसशील. उनसिलला तेव्हा शरम वाटे, आणि आत कुठेतरी हसूही फुटे, कारण खोलीत कुणीतरी खरंच जेवतंय असं वाटे. आज ओम्मा दाराशी उभी होती आणि तिचे ओठ मिटलेले होते. दाराच्या फटीतून उदबत्तीचा धूर येत होता. खाली आवारात गू काका कुणाच्या तरी नंबरानं ओरडत होते. एक घास झाला असेल. दोन झाले असतील. उनसिल मनातल्या मनात म्हणत होती, बोल काहीतरी, घाल शिव्या, त्यांना नाही तर मला घाल, पण बोल. आत शांत होतं. दाराबाहेरही. एवढी शांतता तिनं ते गाणं थांबलं तेव्हाच ऐकली होती.

नऊ घासांचा वेळ होऊन गेला. खाकरायचं ओम्मानं असे, आणि आत पहिलं पाऊलही तिचंच. तिनं हात एप्रनला पुसले आणि ती भिंतीच्या कडेला सरकली.

"तू हो पुढे," ती म्हणाली. "मी आहे मागे."

उनसिलनं दाराच्या कडीवर हात ठेवला आणि खाकरण्यासाठी तोंड उघडलं.